आमची वाटचाल : कंटेनरला आलेला घाम

येत्या गुढीपाडव्याला आमच्या कुपवाडच्या गाळ्याला तीस वर्षं होतील. मुलगा म्हणाला, नव्या कॅटलॉगच्या पहिल्या पानासाठी दोनशे शब्द लिहून द्या. दोनशे शब्दांत आमच्या जुन्या लेथचं बेडसुद्धा पुसून होत नाही. कॅटलॉगला काय शोभेल ते तो लिहील. हे मी धंद्यातल्या माणसांसाठी लिहितोय, म्हणून फ्लँज म्हणजे काय आणि कोअर कुठे बसतो हे समजावत बसणार नाही.

काम थोडक्यात सांगतो. पाण्याच्या गेट व्हॉल्व्हची बॉनेट, वेज आणि ग्लँड, म्हणजे झाकण, पाणी अडवणारी पाचर आणि दांड्याची गळती रोखणारा भाग. कास्टिंग शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांकडून येतं, मशिनिंग कुपवाडला होतं, माल न्हावाशेवाहून इटलीला जातो. वर्षाला बारा-तेरा कंटेनर, सगळे वीस फुटी. बिडाचा माल कंटेनर वजनाने भरतो, आकाराने नाही. आत डोकावलं तर निम्मा रिकामा दिसतो आणि नवखा ड्रायव्हर हमखास विचारतो, "अजून भरायचंय का?"

मी सांगलीच्या आयटीआयचा टर्नर. अप्रेंटिसशिप किर्लोस्करवाडीला. कुंडलजवळच्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणरावांनी १९१० साली कारखाना उभा केला, आणि आमच्या भागातल्या निम्म्या टर्नरांची वंशावळ त्या माळावरूनच सुरू होते. पुढची सात वर्षं वसंतदादा औद्योगिक वसाहतीतल्या एका शॉपमध्ये काढली. तिथले मिस्त्री माझे खरे गुरू. ड्रॉइंग मिलिमीटरात असायचं, मिस्त्री सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलायचे, आणि तरी जॉब बरोबर यायचा. "दोन सुताला केसभर कमी" असं ते म्हणाले की वाद घालायचा नाही, तेवढा कट घ्यायचा. १९९१ साली त्याच शॉपमध्ये चक, म्हणजे जॉब धरून फिरणारा जबडा, पुरता थांबायच्या आत कीस ओढायला हात घातला आणि डाव्या तर्जनीचं निम्मं बोट गेलं. मिस्त्रींनी आधी मशीन बंद केलं, मग मला शिवी घातली, मग रुमाल बांधला. त्या क्रमाबद्दल माझी आजही तक्रार नाही.

१९९६ साली आयटीआयचा मित्र अण्णा आणि मी, दोघांनी मिळून सहाशे चौरस फुटांचा गाळा भाड्याने घेतला. मशीन एकच. म्हैसूर किर्लोस्करचा, हरिहरला बनलेला एंटरप्राइज लेथ, बंद पडलेल्या एका शॉपमधून भंगारापेक्षा थोड्या वरच्या भावाने उचललेला. जुना लेथ कसा बघायचा हे आता कोणी शिकवत नाही, म्हणून सांगतो. रंग बघू नका, मोटार बघू नका. कॅरेज, म्हणजे हत्यार धरणारा सरकता भाग, चकाजवळ आणून गिब, म्हणजे ढिलाई काढायची पट्टी, घट्ट करा आणि मग तसंच दुसऱ्या टोकाच्या टेलस्टॉककडे सरकवत न्या. वाटेत अडकलं तर समजा बेड झिजलंय. चकाच्या बाजूला हातभर खाल्लेलं असतं आणि टेलस्टॉककडे कोरं, कारण आपले लोक आयुष्यभर आखूड जॉबच करतात. आमच्या लेथला तीनशे मिलिमीटर लांबीत मिलिमीटरच्या आठ शतांशाचा टेपर, म्हणजे निमुळतेपणा, येत होता. मिस्त्री नोकरी सोडून आमच्याकडे आले ते त्या बेडसाठी, माझ्यासाठी नव्हे. सरळपट्टीला निळं लावायचं, बेडवर फिरवायची, जिथे ठिपका उमटेल तिथे हातातल्या स्क्रेपरने खरवडायचं, पुन्हा निळं. अकरा दिवस दुसरं काही नाही. अण्णा हिशेबाची वही घेऊन दारात उभा राहायचा आणि विचारायचा, पहिलं चलन कधी फाडायचं? बाराव्या दिवशी टेपर दीड शतांशावर आला. तो लेथ अजून आहे. त्यावर आता फक्त फिक्श्चर आणि गेज बनतात, आणि खंडेनवमीला पहिला नारळ त्याच्यापुढे फुटतो. मुलाला तो काढून त्या जागी चौथं व्हीएमसी, म्हणजे संगणकावर चालणारं मिलिंग मशीन, बसवायचं आहे. माझ्या मागे बसवावं.

१९९६ ते २००७ पंपाच्या भागांचं जॉब वर्क केलं. गाळा स्वतःचा झाला, दोन सीएनसी आली. पैसे नव्वद दिवसांनी म्हणायचे आणि दीडशे दिवसांनी यायचे. यापलीकडे त्या अकरा वर्षांबद्दल लिहिण्यासारखं काही आठवत नाही.

फेब्रुवारी २००८ मध्ये बाई आल्या. आम्ही गाळ्यात त्यांना बाईच म्हणतो. इटलीत ब्रेशिया म्हणून शहर आहे, त्याच्या आसपासच्या डोंगरदऱ्यांत घरटी नळ-तोट्यांचा आणि व्हॉल्व्हचा धंदा. बहुतेक सगळे पितळवाले. बाईंचं घर मात्र आजोबांपासून बिडातलं. त्या कोल्हापूरला फाउंड्र्या बघायला आल्या होत्या. कच्चं कास्टिंग नेऊन तिकडच्या मजुरीने मशिनिंग करणं त्यांना परवडेना, म्हणून फाउंड्रीवाल्यांनी त्यांना गाडीत घालून कुपवाडला आणलं.

मी टेबलावर हिरवं कापड अंथरून निवडक माल मांडला होता. बाईंनी टेबलाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सरळ कोपऱ्यातल्या लाल पेटीकडे गेल्या, रिजेक्ट मालाच्या. वीस नग बाहेर काढले आणि एकेकाबद्दल विचारत गेल्या, हा का टाकला? एकोणीस नगांचं कारण मला सांगता आलं. कुणाचा बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन शतांश मोठा, कुणाच्या फेसवर, म्हणजे सपाट तोंडावर, चटका. विसाव्याचं सांगता येईना, गेज सगळे बरोबर बसत होते. मागून मिस्त्री म्हणाले, "त्यो मी टाकलाय. टिचकी मारल्यावर आवाज बरा न्हाई आला." फाउंड्रीवाल्यांनी इंग्रजीत सांगितलं. बाईंनी तो नग कापायला लावला. हॅक्सॉवर कापला तर बरोबर मानेत सुपारीएवढी पोकळी. बाईंनी दोन्ही अर्ध्या फाकी पिशवीत घातल्या आणि इटलीला घेऊन गेल्या. सोबत सांगलीचं भडंग दिलं होतं. पुढच्या मेलमध्ये ड्रॉइंग होतं आणि शेवटच्या ओळीत भडंगाची चौकशी.

अण्णा त्याच वर्षी बाजूला झाला. त्याचं म्हणणं साधं होतं, ज्याचं घर आपण पाहिलं नाही त्याला उधार द्यायचं नाही. बाईंची अट होती बिल ऑफ लेडिंगच्या, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या पावतीच्या, तारखेपासून साठ दिवस. भांडण झालं नाही. तो बेदाण्याच्या व्यापारात गेला आणि बरा चालला. त्या लेथमधला त्याचा निम्मा वाटा मी अजून दिलेला नाही, त्यानेही मागितलेला नाही. सप्टेंबरमध्ये अमेरिकेत लेहमन बुडाली आणि आमच्या ऑर्डरी सहा महिने एक तृतीयांशावर आल्या, तेव्हा अण्णा एकदा चहाला आला होता. काही बोलला नाही. चहा पिऊन गेला.

आता मुख्य गोष्ट.

जुलै २०११. कुपवाडच्या मानाने बरा पाऊस लागून राहिलेला. ३,१२० बॉनेटची ऑर्डर, प्रत्येकी बारा युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने साडेतेवीस लाखांचा कंटेनर. आमच्यासाठी तोवरचा सगळ्यात मोठा. जहाजाची कट-ऑफ तारीख डोक्यावर आलेली. लाकडी पॅलेट शिक्का मारून आले होते. आयएसपीएम-१५ या लाकडी पॅकिंगच्या आंतरराष्ट्रीय नियमाचा तो शिक्का म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांना अर्धा तास तापवलंय. पण तो शिक्का लाकडातली कीड मेल्याचा असतो, लाकूड सुकल्याचा नसतो. शिक्क्याचे आमचे पॅलेट चार दिवस गाळ्याबाहेर पावसात पडून होते. गंजरोधक व्हीसीआय पिशव्या मी कोटेशनमध्ये धरल्या होत्या. नगामागे पाच रुपये. बाईंकडून घेतले आणि पिशव्या घेतल्याच नाहीत. तेल फासलं, मेणकागदात गुंडाळलं. १५,६०० रुपये वाचले म्हणून मी खूश होतो. शेवटच्या रात्री माणसं कमी पडली तेव्हा मी स्वतः पॅकिंगला बसलो, हातमोजे न घालता.

कंटेनर बंद झाल्यावर आत काय होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. दिवसा उन्हाने पत्रा तापतो, ओल्या लाकडातलं पाणी हवेत उतरतं. रात्री समुद्रावर पत्रा गार पडतो, तेच पाणी छताला आतून थेंब होऊन लटकतं आणि मालावर पडतं. शिपिंगवाले याला कंटेनरला घाम येणं म्हणतात. आमच्या मालावर हा पाऊस तीन-साडेतीन आठवडे रोज रात्री पडला. सांगलीकराला हे कळू नये याची लाज वाटते. इथे हरिपूरच्या पेवांत आमच्या बापजाद्यांनी जमिनीखाली हळद वर्षानुवर्षं कोरडी ठेवली. २००५ च्या पुराने पेवांत पाणी शिरलं ती गोष्ट निराळी. मला तर बीड एक महिनाभर कोरडं ठेवता आलं नाही.

ऑगस्टमध्ये बाईंचा मेल आला. मजकूर एक ओळ, फोटो चौदा. मशिनिंग केलेले सगळे फेस विटकरी. नवव्या फोटोत एका फ्लँजच्या फेसवर हाताचा ठसा होता, गंजाने छापलेला, हळदीकुंकवाच्या थाप्यासारखा स्वच्छ. अंगठ्यासकट चार बोटं पुरती, एक निम्मं. गाळ्यातल्या सगळ्यांनी तो फोटो पाहिला आणि कोणी काही बोललं नाही. मिस्त्री तेवढे म्हणाले, "मालक, लोकंडाला घाम चालत न्हाई. त्या डब्याचाबी न्हाई आनि आपलाबी न्हाई."

विमा होता. विमा कंपनीने अपुऱ्या पॅकिंगचं कलम दाखवलं, आणि गंजासाठी वेगळं कव्हर घ्यावं लागतं ते आम्ही घेतलेलं नव्हतं. निर्यातीचा पत विमा गिऱ्हाईक बुडालं तर कामाला येतो, गिऱ्हाईक म्हणालं की मालच वाईट आहे, तर तो वाद मिटेपर्यंत हात वर करतो. हे सगळं कागदावर लिहिलेलं असतं. सही करायच्या दिवशी कोण वाचतं? नवीन पोरांनो, वाचा. अठरा लाखांचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीच्या ऑर्डरीवर घेतलेलं कर्ज, बँकेत उभं होतं, नव्वद दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीतात. बँकेचे साहेब फोनवर आधी "सर" म्हणायचे, मग नुसतं आडनाव घ्यायला लागले. वडिलांची तासगावची तीस गुंठे द्राक्षबाग विकली. वडील सही करायला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आले, आणि परत येताना त्यांनी फक्त एवढंच विचारलं की छाटणीचे पैसे नवा मालक देणार की आपण. मी म्हटलं, आपण.

बाईंनी दोन पर्याय दिले होते. माल भंगारात काढायचा, किंवा तिथल्या शॉपमधून साफ करून घ्यायचा, नगामागे साडेचार युरो आमच्या खर्चाने. मी तिसरा सुचवला. सप्टेंबरमध्ये मिस्त्री आणि मी इटलीला गेलो. मिस्त्रींचं वय तेव्हा एकोणसत्तर, पासपोर्ट पहिलाच. सामानात बिडाची लॅपिंग प्लेट, म्हणजे फेस घासून सपाट करायची पाटी, चार ग्रेडचे पॉलिश पेपर, कार्बोरंडमची पूड आणि शेंगदाण्याची चटणी. मुंबईच्या विमानतळावर प्लेटसाठी बॅग तीनदा उघडली. बाईंच्या गोदामात एका कोपऱ्यात टेबल मिळालं. मिस्त्री बसले की उठायचे नाहीत. प्लेटवर फेस आठच्या आकड्यात फिरवायचा, हात जड करायचा नाही, चार फेऱ्यांनंतर नग पाव वळसा फिरवून पुन्हा धरायचा, नाहीतर एक बाजू खाते. तिथला त्यांचा जुना फिटर दुपारी येऊन मिस्त्रींच्या हाताकडे बघत उभा राहायचा. दोघांना एकमेकांचा शब्द कळत नव्हता. चौथ्या दिवशी त्याने स्वतःची प्लेट आणली. अकरा दिवसांत २,२६४ नग वाचले. बाकीच्यांत खड्डे पडले होते, ते गेले.

सहाव्या दिवशी बाईंनी मला ऑफिसात बोलावून एक मेल दाखवला. आता समोरच्यांबद्दल लिहायला हवं.

त्यांचं नाव लिहीत नाही. आमच्या रस्त्यावर "समोरचे" म्हटलं की कळतं. २००४ ते २०१० ते आमच्याकडे इन्स्पेक्शनला होते. बोअर गेज हातात कसा धरायचा, डायल शून्यावर कसा आणायचा, बाईंच्या ड्रॉइंगवरचा रिव्हिजन नंबर आधी का बघायचा, सगळं मी शिकवलं. त्यांच्या लग्नात आमची मंडळी वरणभात वाढत होती. २०१० साली दिवाळीचा बोनस घेऊन गेले आणि पाडव्याला आमच्या बरोबर समोरचा गाळा घेतला. घ्यावा. कुपवाडला गाळ्यांची मक्तेदारी कुणाची नाही. पण टपरीवर आमच्या गंजाची बातमी आली त्याच आठवड्यात त्यांनी बाईंना कोटेशन पाठवलं होतं. बॉनेट अकरा युरो दहा सेंट, जेनोआ बंदरापर्यंत भाडं आणि विमा धरून. आम्ही बारा युरो घेत होतो ते न्हावाशेवापर्यंतचे. सोबत "आमचं शॉप" म्हणून तीन फोटो जोडलेले. दुसऱ्या फोटोत आमचा एंटरप्राइज लेथ, आणि त्याच्यावर वाकलेली पांढऱ्या टोपीतली एक पाठ. मी मिस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी स्वतःची पाठ नीट बघितली. "टोपी मळकी हाय," म्हणाले आणि परत जाऊन पॉलिश पेपर उचलला.

बाई म्हणाल्या, मला दोन पुरवठादार लागतात, एक आजारी पडला तर दुसरा हवा. २०१२ पासून निम्मा माल समोरच्यांना गेला. बाईंना निष्ठावंत गिऱ्हाईक म्हणणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं. त्यांनी मला सोडलं नाही, एवढंच. आणि निम्मी निष्ठासुद्धा या धंद्यात फार मोठी असते, हे मला कळायला वेळ लागला.

समोरच्यांचा भाव परवडतो कसा, याचा हिशेब मी कास्टिंगच्या चलनामागे कित्येकदा मांडला. कास्टिंग एकाच फाउंड्रीचं, वीज एकाच कंपनीची, पगार उन्नीस-बीस. शेवटी उलगडा बाईंच्या अकाउंट्सच्या पोराने सहज बोलता बोलता केला. निर्यातीवर सरकार जी टक्केवारी देतं, ती समोरच्यांनी आधीच भावातून वजा करून बाईंना देऊन टाकली होती. २०१५ पासून एमईआयएस ही निर्यात प्रोत्साहनाची योजना आली तेव्हा आपल्या इंजिनिअरिंग मालाला दोन-तीन टक्के मिळायचे. तेच दोन-तीन टक्के म्हणजे त्यांचा सगळा नफा. तिकडच्या खरेदीवाल्यांना आपल्या योजना आपल्यापेक्षा जास्त पाठ असतात. कोटेशन गेलं की विचारतात, ड्रॉबॅक (निर्यातीवर परत मिळणारी जकात) धरलाय का? एकाने धरला की दुसऱ्याला धरावाच लागतो. कुपवाडच्या एकाच रस्त्यावरचे दोन गाळे सरकारी तिजोरीतले पैसे इटलीला वाटत होते, आणि भांडण मात्र आपापसात.

त्यातल्याच एका वर्षी निर्यातीचा एक पुरस्कार समोरच्यांना मिळाला. मी तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. स्टॉलवर त्यांनी बोअर तपासायचे जे प्लग गेज मांडले होते त्यांतल्या एकावर आमच्या गाळ्याचा कोरीव नंबर होता. मी हातात घेऊन बघितला आणि परत ठेवला. माझी बायको म्हणते, तो विषय आता सोडा. सोडलाय.

रुपया पडला की निर्यातदाराची चांदी होते, असं पेपरात छापून येतं. ऑगस्ट २०१३ मध्ये डॉलर ६८ रुपयांच्या पार गेला तेव्हा नातेवाइकांचे अभिनंदनाचे फोन आले. तिसऱ्या दिवशी बाईंच्या खरेदी विभागाचा मेल आला, तुमचं चलन स्वस्त झालंय, भाव किती उतरवता? इकडे कास्टिंगवाल्यांनी स्क्रॅप महागलं म्हणून भाव वाढवला, आणि कार्बाइड इन्सर्ट बाहेरून येतात ते महाग झाले. आमच्या वाट्याला अभिनंदनाचे फोनच राहिले.

मग आला तुर्क. बाईंनी लपवलं नाही, २०१६ सालीच सांगितलं होतं. तुर्कस्तानातला फाउंड्रीवाला ट्रेलर भरतो, ट्रेलर जहाजावर चढतो, ट्रिएस्टला उतरतो, आणि आठवडाभरात माल बाईंच्या दारात. युरोपशी त्यांचं कस्टम्स युनियन १९९५ च्या अखेरपासून आहे, त्यामुळे जकातीचा प्रश्न नाही. त्याचा नग आमच्याहून महाग होता, थोडाथोडका नाही, नव्वद सेंटांनी. तरी बाई हिशेब करून दाखवायच्या. तुमचा माल कुपवाडहून निघाल्यापासून महिना-सव्वा महिना वाटेत, म्हणून मला गोदामात तीन महिन्यांचा साठा लागतो. त्याचं व्याज, जागेचं भाडं, आणि ड्रॉइंग बदललं तर वाटेतला सगळा माल जुना. तुर्काचा साठा दहा दिवसांचा. नव्वद सेंट तिथेच फिटतात.

मला हे ऐकून झोप लागली नव्हती. आम्ही दोघं अकरा दहा की अकरा पंच्याऐंशी यावर एकमेकांचे गळे धरत होतो आणि खरी लढाई कॅलेंडरवर चालली होती. लेथवरचा मिनिट आम्ही व्हिएतनामशीही आणि चीनशीही लढवू शकतो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. माल गाळ्यातून बाहेर पडल्यापासून पैसे बँकेत येईपर्यंतचे जे शंभर-सव्वाशे दिवस आहेत, तिथे आपण हरतो. त्यात चारशे किलोमीटरचा रस्ता, यार्डातली रांग, चुकलेलं जहाज, सगळं आलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा सत्तावन्न फुटांवर गेली. कुपवाड उंचावर, गाळ्यात थेंब आला नाही. पण शिरोलीला महामार्ग पाण्याखाली, कास्टिंग तिकडे, कामगार सांगलीत पत्र्यावर, आणि बाईंचं जहाज आपल्या तारखेला सुटून गेलं.

२०२० च्या ३१ डिसेंबरला एमईआयएस बंद झाली. १ जानेवारी २०२१ पासून तिच्या जागी रोडटेप ही योजना लागू, पण तिचे दर जाहीर झाले १७ ऑगस्टला. मधले साडेसात महिने माणसाने कोटेशन कशाच्या भरवशावर द्यायचं? दर आले ते आधीपेक्षा पुष्कळ खाली. त्याच वर्षी कंटेनरचं भाडं आमच्या फॉरवर्डरच्या बिलावर पाच पट झालं. समोरच्यांचा भाव भाड्यासकट, वर्षभराच्या कराराने बांधलेला. आमचा न्हावाशेवापर्यंतचा, पुढचं भाडं बाईंचं. यात माझी हुशारी शून्य. २००८ साली मला जेनोआचं भाडं काढता आलं नव्हतं म्हणून बाईच म्हणाल्या होत्या, जहाज मी बघते. समोरच्यांनी चार कंटेनर तोट्यात पाठवले आणि पाचव्याला हात टेकले. त्या दिवशी मी गाळ्यात पेढे वाटले नाहीत, पण मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "त्याच्या पोरांचा पगार झाला का बघा." झाला नव्हता. दोन टर्नर मी घेतले.

त्यांचा वाटा माझ्याकडे आला असं वाटत असेल तर तसं झालं नाही. तो तुर्काकडे गेला.

तेव्हापासून मी बाईंच्या गोदामात माझ्या पैशांनी दोन कंटेनरचा साठा ठेवतो. त्या उचलतील त्या दिवशी बिल. ब्रेशियाजवळच्या त्या गोदामात माझे चाळीसेक लाख कायम पडून असतात. अण्णाला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदा मोठ्याने हसला. पण २०२३ च्या शेवटी तांबड्या समुद्रातली वाट बंद झाली, जहाजं आफ्रिकेला वळसा घालून दहा-चौदा दिवस उशिरा पोचायला लागली, तेव्हा बाईंची लाइन एक दिवसही थांबली नाही. त्या वर्षी तुर्काच्या वाट्यातले दोन आयटम परत आले. भाव न उतरवता. तीस वर्षांत एवढं एकच यश मी माझ्या नावावर लावतो. बाकी सगळं मिस्त्रींचं, बाईंचं किंवा नशिबाचं.

आता नवा छळ कार्बनचा. युरोपने ऑक्टोबर २०२३ पासून लोखंड-पोलादाच्या मालावर कार्बनचा हिशेब मागायला सुरुवात केली. आमचा माल व्हॉल्व्हच्या भागांत मोडतो म्हणून त्या यादीत नाही, तरी बाई फॉर्म भरून घेतातच. त्या म्हणतात, यादी लांबायला वेळ लागत नाही. एक टन बीड वितळवायला किती युनिट वीज लागते, असा रकाना आहे. शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना विचारलं तर म्हणाले, लाइटबिल पाठवतो, भागाकार तुम्ही करा. केला. तेव्हा कळलं की त्यांच्याच दोन फर्नेसमध्ये टनामागे सत्तर युनिटांचा फरक आहे, आणि ते त्यांनाही माहीत नव्हतं. महाराष्ट्रातली कारखान्याची वीज शेजारच्या राज्यांहून जड, हे रडगाणं आम्ही सगळेच गातो. पण ते सत्तर युनिट कुणी मोजले नव्हते. अमेरिकेला माल देणाऱ्या आमच्या ओळीतल्या दोघांची, २७ ऑगस्ट २०२५ ला शुल्क पन्नास टक्क्यांवर गेलं तेव्हा, झोप उडाली होती. त्यांना मी काय सांगणार होतो? मी एकाच बाईवर जगतोय.

कंटेनर आला की मी अजूनही आत जाऊन उभा राहतो आणि पोरांना बाहेरून दारं लावायला सांगतो. अंधारात कुठे उजेडाची रेघ दिसली की तो परत. मग लाकडात ओलावा मोजायचं यंत्र खुपसायचं, अठरा टक्क्यांच्या वर काटा गेला की पॅलेट बाद. पावसाळ्यात ओल शोषणाऱ्या पिशव्या छताला टांगायच्या. पॅकिंगच्या टेबलावर हातमोज्यांशिवाय हात गेला तर दंड शंभर रुपये, मालकाला पाचशे. मी दोनदा भरलेत. नववा फोटो फ्रेम करून त्या टेबलामागे लावलाय.

मागच्या आषाढात रात्री साडेनऊला समोरचे आले. ते आता देशांतर्गत काम करतात, पण कुणाच्या तरी ओळखीने दुबईचा एक छोटा कंटेनर मिळाला होता. गाडी दारात उभी, बाहेर पाऊस, आणि व्हीसीआयचा रोल संपलेला. पंधरा वर्षांत ते पहिल्यांदा आमच्या उंबऱ्याच्या आत आले. लेथकडे बघत उभे राहिले. मी विचारलं, लाकूड सुकं आहे का? म्हणाले, आहे. मी ओलाव्याचं यंत्र खिशात घालून समोर गेलो, चार पॅलेट बाजूला काढायला लावले आणि एक रोल दिला. चौदा किलोचा. वहीत तारखेसकट लिहून ठेवलाय. अजून परत आलेला नाही.